उष्टावणाची कढई

आमच्या गावात लेकरू सहा महिन्यांचं झालं, की उष्टावणाला मामाकडून कपडे येत, आत्याकडून खुळखुळा येई, ऐपत असेल तर आजीकडून चांदीची वाटी येई आणि अंगणवाडीच्या बाईंकडून लोखंडाची कढई येई. तळहाताएवढी, जाड बुडाची, दोन कानांची. आर्वीच्या बाजारात रस्त्याच्या कडेला भाता लावून बसणाऱ्या लोहारांकडून बाई ती घडवून घेत. कागदात गुंडाळणं वगैरे नाही. पिशवीतून काढायची आणि सरळ पाटावर ठेवायची. फोटो काढणारा आधी ती काळी कढई बाजूला सरकवायचा. बाई ती पुन्हा मधे सरकवायच्या.

आता शुभकार्यात लोखंड आणायचं म्हणजे गावाच्या कपाळाला आठ्या पडणारच. माझ्या सासूबाईंनी तर माझ्या रेणूच्या उष्टावणाला भर पंगतीत विचारलं होतं, "बाई, लेकराच्या तोंडात पयला घास जायचा, अन् तुमी शनीची वस्तू घेऊन आल्या?" बाई अजिबात ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "काकू, लेकराच्या रगतात काय असते? लोहच असते ना? शनीले तुमी तेल वाहा अन् लेकराले या कढईतली भाजी द्या. दोघंबी खूश राहतीन." बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ती कढई दुसऱ्याच दिवशी गोठ्यात नेऊन ठेवली आणि त्यात कोंबड्या पाणी पिऊ लागल्या.

गाव आर्वीकडच्या रोहण्याच्या पुढे, नाव सांगण्यासारखं मोठं नाही. तिथे बाईंनी पस्तीस-एक वर्षं अंगणवाडी चालवली. त्यांचं खरं नाव फक्त रजिस्टरवर असे. बाकी लहानथोर सगळे त्यांना कढईबाई म्हणत, पाठीमागेही आणि तोंडावरही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "नाव ठेवलं म्हंजे आठवण ठेवली," म्हणायच्या.

त्यांच्याबद्दल लिहायला बसले खरी, पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. या बाईंवर मी एकदा चारचौघींत ओरडले होते, आणि त्या ओरडण्यातून पुढे जे झालं ते भरून येण्यासारखं नाही. ते वगळून त्यांच्या गमतीजमती लिहिता आल्या असत्या. वाचणाऱ्यालाही बरं वाटलं असतं. पण मग ते बाईंचं चित्र झालं नसतं, माझ्या सोयीचं झालं असतं.

बाईंची वेळ ठरलेली असे आणि ती नेमकी आपल्या अडचणीची असे. चुलीवर भांडं चढलं की त्या दारात हजर. "काय शिजून राह्यलं व?" असं विचारत विचारत त्यांचा हात झाकणाशी पोचलेला असायचा. ज्याच्या घरी सहा महिने ते तीन वर्षांचं लेकरू, त्याच्या घरच्या प्रत्येक झाकणावर आपला हक्क आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. आमच्या गल्लीतल्या एकीने वैतागून झाकणावर वरवंटा ठेवून पाहिला. बाईंनी वरवंटा उतरवला, झाकण उचललं, आतलं वरण पाहिलं, त्या घरच्या लेकराच्या वाटीतलं पाणी पाहिलं आणि म्हणाल्या, "वरवरचं पाणी लेकराले अन् खालची डाळ तुमाले? डाळ काय लेकरावर रुसून खाली बसली? ते खालचं घोटून द्या त्याले." मग जाताना वरवंटा होता तसा ठेवून गेल्या.

चहाशी त्यांचं जन्माचं वैर होतं. आमच्याकडे लेकरू बसतं झालं की आजोबाच्या बशीतला चहा त्याच्या तोंडाला लागतो. टोस्ट बुडवून दिला की ते गप्प बसतं आणि आजोबालाही लाड केल्यासारखं वाटतं. बाई अशा बशीवर झडप घालायच्या. "चहा म्हंजे चोर हाये, बापू. जेवणातलं लोह आंगी लागायच्या आत उचलून नेते." लिंबाचं मात्र त्यांना भारी कौतुक. डाळीवर लिंबू पिळा, भाजीवर पिळा, लोह आंगी लागते म्हणायच्या. हरभऱ्याची भाजी थंडीत सुकवून डब्यात भरून ठेवा, मुंगण्याचा म्हणजे शेवग्याचा पाला फेकू नका, जवस-तीळ भाजून कुटा, फुटाण्याचं पीठ गुळाच्या पाण्यात कालवा, खाणाऱ्याचं घर असेल तर अंडं द्या, कलेजी कुस्करून द्या. हे सगळं त्या इतक्या वेळा सांगत, की गावातली तीन वर्षांची पोरं भातुकली खेळताना एकमेकांना लिंबू पिळायला सांगत.

मी लग्न होऊन या गावात आले ती वर्ध्याहून, बीएस्सी होऊन. घरातली पहिली पदवीधर सून. गावात कुणाला फॉर्म भरायचा असो, औषधाच्या पाकिटावरचं वाचायचं असो, माणसं माझ्याकडे येत. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? मी बोलायचे पण शुद्ध, मुद्दाम. आणि माझा राग नाकावर. माहेरी आई म्हणायची, हिला सासर दूरचं द्या म्हणजे आवाज इथपर्यंत यायचा नाही.

रेणू झाली आणि माझ्या तोऱ्यात भर पडली. आमच्या दोन म्हशी होत्या. अंगावरचं दूध होतंच, त्याच्या जोडीला म्हशीच्या दुधाच्या बाटल्या. उष्टावणानंतर वरचं अन्न नावाला, एखादं बिस्किट. पोरगी गुबगुबीत आणि पांढरीशुभ्र. मोबाइलवर तिचे फोटो पाहून माझ्या मैत्रिणी विचारायच्या, काय लावतेस ग? बाई आल्या तेव्हा रेणू अकरा महिन्यांची होती. मी तिला कौतुकाने पुढे केलं. बाईंनी तिचा गालगुच्चा घेतला नाही, अंगठ्याने तिची खालची पापणी हलकेच ओढली आणि बराच वेळ आत पाहत राहिल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "ही गोरी नाई. ही फिक्की हाये."

मला ते असं झोंबलं की काय सांगू. मी म्हटलं, "बाई, तुमच्या डोळ्यांना काळ्या कढयांची सवय झाली आहे." त्या म्हणाल्या, "दूध पांढरं, बिस्किट पांढरं, लेकरू पांढरं. कायतरी रंगाचं द्या हो तिच्या पोटात." मी रेणूला उचलून आत गेले.

पुढे रेणू उभी राहायला लागली तर भिंतीला धरून तिथला गिलावा नखाने खरवडून खायची. सासूबाई म्हणाल्या जंत झाले. बाई म्हणाल्या, "लोह कमी पडलं का लेकरं माती खातात. आर्वीले नेऊन रगत तपासून आणा." दुसऱ्या दिवशी त्या घरून एक डबा घेऊन आल्या. ज्वारीच्या कण्या, तुरीची डाळ, हरभऱ्याची सुकी भाजी घोटून केलेली, वर लिंबू. सासूबाईंनी डबा हातात घेतला नाही. "ओट्यावर ठेवा," म्हणाल्या. बाई बौद्ध होत्या आणि आमच्या घरात त्यांच्या हातचं खात नसत. त्या गेल्यावर सासूबाईंनी डबा म्हशीपुढे पालथा केला. मी दारात उभी राहून पाहिलं. विज्ञान शिकलेली मी, तोंडातून एक अक्षर काढलं नाही. बाईंना ते कळलं असणार, कारण पुढच्या वेळी त्यांनी कच्च्या कण्या, डाळ आणि भाजी पुडीत बांधून आणली. "तुमच्याच चुलीवर, तुमच्याच हातानं करा," म्हणाल्या. "लेकराच्या पोटात गेल्याशी मतलब." आवाजात कुठे काही नव्हतं. ती पुडी मी फळीवर ठेवली आणि विसरले.

मग त्यांनी लोहाच्या औषधाची शिशी आणली. आरोग्य केंद्रातून आलेली, गावातल्या सगळ्याच लहान लेकरांना देत होत्या. दारात उभ्या राहून त्या मला समजावत होत्या आणि मी बहिणीशी मोबाइलवर बोलत मान हलवत होते. किती द्यायचं ते शिशीवर लिहिलेलं होतं, वाचता येत होतं मला. त्यांनी आणखी काहीतरी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली.

चार-पाच दिवसांनी रेणूची शी काळीकुट्ट झाली. सासूबाईंनी छाती बडवून घेतली, "पोरीच्या पोटात रगत झालं व माय!" माझं डोकं फिरलं. शिशी घेतली आणि तशीच अंगणवाडीत गेले. पोषण आहाराची पाकिटं वाटायचा दिवस होता, गावातल्या दहा-बारा आया बसलेल्या. त्या सगळ्यांसमोर मी विचारलं, "माझ्या मुलीला काय पाजलंत तुम्ही? विष?" रागातसुद्धा शुद्ध बोलत होते. बाई उठून उभ्या राहिल्या. "सूनबाई, शी काळी होते म्हून मी सांगतलं होतं ना. ते लोहानं होते, भ्यायचं नसते."

"मला काही एक सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. आणि त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं.

आयांमध्ये कांता होती. आमच्याच वावरात निंदायला, वेचायला यायची. तिचा सोनू दीड वर्षाचा, काटकुळा, कडेवर मान टाकून बसलेला. त्याला दोन खेपा पाजून झालेली शिशी, किती द्यायचं ते पुन्हा विचारायला, तिने सोबत आणली होती. तिने मला विचारलं, बाईंना नाही, मला. "वयनी, मी सोनूले पुढं देऊ का नोको मंग?"

"फेकून दे," मी म्हटलं.

तिने तिथेच, भिंतीच्या कडेला शिशी रिकामी केली. बाई "कांता, नोको व" म्हणत पुढे झाल्या तोवर औषध मातीत मुरलं होतं. आमच्या ह्यांनी वर लेखी तक्रार केली. साहेब आले, जबाब झाले, चौकशी होईपर्यंत बाईंनी शिश्या वाटू नयेत असं ठरलं. बाई पुन्हा दारोदार फिरू लागल्या, नुसत्या तोंडाने सांगत. आमच्या दारावरून जाताना मात्र त्या आत वळत नसत.

दोन महिन्यांनी, पावसाळ्यात, रेणूला ताप आला. दोन पावलं चालली की धापा टाकायची. आम्ही गाडी काढली आणि सरळ सेवाग्रामला नेलं. तिथे तिला रक्त चढवावं लागलं. एवढ्याशा हाताला सुई, आणि वर टांगलेली पिशवी. मी त्या पिशवीकडे पाहत बसले होते. तिथल्या डॉक्टर, माझ्याच वयाच्या असतील, विचारत होत्या. दूध किती देता? मी सांगितलं, दिवसाला चार-पाच बाटल्या. बाकी काय खाते? मला सांगण्यासारखं काही आठवेना. लोहाचे थेंब कुणी दिले नाहीत का? मी म्हटलं, दिले होते, पण शी काळी झाली म्हणून बंद केले. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, काळी होणारच," त्या म्हणाल्या. "तुम्हाला देताना कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. दोनदा. बाई दारात उभ्या होत्या, त्यांचा हात चौकटीवर होता, आणि मी मान हलवत होते. सगळं लख्ख आठवलं.

पाच दिवसांनी आम्ही घरी आलो. आता जे लिहायचं आहे त्यासाठीच हे सगळं लिहिलं. घरी आल्यावर मला माहीत होतं की औषध चांगलं होतं. मला माहीत होतं की कांताने ते माझ्या शब्दावर फेकलं. कांता रोज आमच्या वावरात होती. सोनू बांधावरच्या कडुलिंबाखाली गोधडीवर निजलेला असायचा, फिक्का, कागदासारखा. मी रोज मजुरांचा चहा घेऊन वावरात जायचे आणि रोज ठरवून जायचे की आज सांगू. कांता, मी चुकले. त्याला दवाखान्यात दाखव. औषध परत सुरू कर. एवढंच सांगायचं होतं. पण ती पाणवठ्यावर बोलेल, गाव म्हणेल शिकलेली सून तोंडावर पडली, बाईंची माफी मागावी लागेल, असं काय काय मनात यायचं. मी चहा ओतून परत यायचे. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी कांता कामावर आली नाही. सोनूला आदल्या दिवसापासून ताप होता आणि सकाळी श्वास लागला होता. ऑटो मिळवून आर्वीला निघाले, आणि वाटेतच तो गेला.

आठ दिवसांच्या औषधाने काही फरक पडला नसता, हे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण मी बोलले असते तर तिने त्याला आठ दिवस आधी कुणाला तरी दाखवलं असतं.

मी बाईंकडे गेले. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होते. नुसती रडत बसले. बाईंनी पाणी दिलं. ते मी प्यायले. त्या म्हणाल्या, "सोनूले निमोनिया झालता, सूनबाई. तुमच्या बोलण्यानं कोनी मरत नाई. तुमी तुमची पोरगी सांभाळा आता." मी कांताशी बोलू का विचारलं, तर म्हणाल्या, "नोका. तिच्याशी मी बोलली हाये. ते मी पाह्यते." मला इतकं हलकं वाटलं! दुसऱ्याने आपलं ओझं उचललं तर ते कुठे नेऊन ठेवलं हे माणूस विचारत नाही. मी विचारलं नाही.

त्यानंतर बाईंनी मला हाताशी धरून शिकवलं. गोठ्यातली कढई घासूनपुसून आत आली. माझी बीएस्सी एका बाजूला राहिली, आणि दहावी नापास बाई मला सांगत होत्या की म्हशीचं दूध जास्त झालं तर लेकराची भूक कशी मरते, लोह कमी का पडतं, अन्न किती घट्ट हवं. "चमचा वाकडा केला तर पडलं नाई पायजे, तेवढं." रेणू तोंड फिरवायची. बाई तिच्यासमोर स्वतः हरभऱ्याच्या भाजीचा घास मोठ्या चवीने खायच्या आणि "आता संपली, तुले नाई" म्हणायच्या. की हिचं तोंड उघडलंच. तीन-चार महिन्यांत तिच्या ओठांना रंग आला. भिंत खाणं बंद झालं. सासूबाई गप्प गप्प सगळं पाहत होत्या. एक दिवस रेणूला बाईंनी आणलेल्या डब्यातला घास त्यांनी स्वतःच्या हाताने भरवला आणि मला म्हणाल्या, "बाईले चहा ठेव." बाई म्हणाल्या, "आत्ताच जेवली मी काकू, घंटाभर चहा नाई." त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा बाईंच्या बोलण्यावर हसल्या.

कांता मात्र बाईंशी बोलत नसे. बाई समोरून आल्या तर तोंड फिरवून दुसऱ्या गल्लीने जायची. मला वाटायचं, दुःख आहे, लेकरांचं काम करणारी बाई दिसली की तिला आपलं लेकरू आठवत असेल. माझ्याशी ती पूर्वीसारखीच होती. थोडी जास्तच मायेने वागायची, म्हणा. दोन वर्षांनी तिला मुलगी झाली. सहा महिन्यांनी बाई माझ्याकडे आल्या आणि पिशवीतून कढई काढली. "हे कांताच्या पोरीले. तुमी देल्ली असं सांगा, माह्यं नाव घेऊ नोका." मग औषधाची शिशीसुद्धा माझ्याच हाती दिली. "नवी शिशी हाये म्हून सांगा बरं. नवी हाये, तुमी सोता पाह्यली, असं सांगजा." मला ते जरा विचित्र वाटलं. पण बाईंच्या सांगण्यावर मान हलवायची नाही, ऐकायचं, हे आता मला कळलं होतं. मी तसंच सांगितलं. कांताने शिशी हातात घेऊन उजेडात धरून पाहिली आणि मग डोळे मिटून घेतले. मुलगी आता तिसरीत आहे, हुंदडते नुसती.

बाई निवृत्त झाल्या तरी त्यांचं झाकणं उचलणं थांबलं नाही. नवीन सेविका चांगली आहे, मोबाइलवर वजनं भरते, सगळं वेळेवर करते. बाई तिला म्हणायच्या, "मोबाइलात भर, पण चुलीवरच्या गंजातबी पाह्य." गेल्या हिवाळ्यात त्यांना बारीक ताप यायला लागला. मी भेटायला गेले होते. अंथरुणावर बसून जवस निवडत होत्या. मी म्हटलं, बाई, तो सोनूचा विषय माझ्या मनातून जात नाही, एकदा कांताशी... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "जुनं काऊन उकरून राह्यल्या? तिच्या घरची चूल तुमच्या वावरावर चालते. तुमच्यावरचा तिचा इश्वास गेला तर ते जाईन कोठी?" मग सुपातला खडा काढून बाजूला ठेवत म्हणाल्या, "तिच्या पोरीवर ध्यान ठेवजा." आठवड्याने त्या गेल्या.

मातीला सगळं गाव आलं होतं. कढया मिळालेली पोरं, आता मिशा फुटलेली, त्यांना खांदा देत होती. बुद्धवंदना झाली. सासूबाई, ज्यांनी कधी त्या वस्तीत पाऊल टाकलं नव्हतं, पदर डोळ्यांना लावून मागे उभ्या होत्या. आणि मी सारखी गर्दीत पाहत होते. कांता आली नव्हती.

चौथ्या दिवशी कापूस वेचायला ती वावरात होती. मी तिच्या शेजारच्या ओळीत शिरले आणि विचारलं, "कांता, बाईंच्या मातीला आली नाहीस?"

ती वेचत राहिली. "नाई आली. जिनं माह्या लेकराले बिघडलेली दवाई देल्ली, तिच्या मातीले मी कायले येऊ?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं बिघडलेली?"

"तीच म्हणे." ओटीत कापूस टाकत तिने सांगितलं. "सोनू गेला ना, तवा मी तिच्या घरी गेलती. मी म्हणलं, वयनीनं सांगतलं म्हून मी दवाई फेकली, देत राह्यली असती तं माह्यं लेकरू वाचलं असतं का? तं बाई म्हणे, नाई, वयनी बराबर बोलल्या. त्या शिश्याच बिघडेल होत्या. मी न पाह्यता वाटल्या. फेकायच्या आंधी तू दोन खेपा पाजली ना, त्यानंच त्याले बाधलं असन. चूक माही हाये, वयनीची नाई अन् तुहीबी नाई. मी तिले तोंडात येईन ते बोलली, वयनी. तुह्यं तोंड दाखवू नोको म्हणलं. तिनं आयकून घेतलं समदं. खाली मान घालून उभी राह्यली."

दहा वर्षं. कांता तोंड फिरवायची आणि बाई दुसऱ्या गल्लीकडे पाहत पुढे जायच्या, तेव्हा मी कितीदा तिथेच उभी होते. आपणच औषध फेकलं ही बोच कांताच्या मनातून जावी, माझ्यावरचा तिचा विश्वास राहावा, तिची मजुरी राहावी, तिची पुढची लेकरं माझ्या हातून तरी औषध घ्यावीत, म्हणून ही बाई एका आईच्या लेखी तिच्या मुलाला मारणारी होऊन राहिली होती. आणि मला सांगितलं होतं, ते मी पाह्यते.

बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, गप राहा सूनबाई. पण मी एकदा आठ दिवस गप्प राहिले होते. त्या ओळीतच मी कांताला सगळं सांगितलं. औषध चांगलं होतं. रेणूनेही तेच घेतलं होतं. मीच ऐकलं नव्हतं, मीच ओरडले होते, तुला फेकून दे म्हणाले ते माझ्या रागाने. आणि सोनू जाण्याआधी आठ दिवस मला हे कळलेलं होतं, तू इथेच काम करत होतीस, आणि मी सांगितलं नाही. मी एवढंही सांगितलं की कढई त्यांची होती, नवी शिशी त्यांची होती. बोलताना माझी शुद्ध भाषा कुठे गेली होती ते मला कळलं नाही.

ती मला मारेल, शिव्या देईल, काम सोडून जाईल असं मला वाटलं. ती गेली तर तो तिचा हक्क होता. कांताने ओटी सोडली. वेचलेला कापूस तिच्या पायाशी पडला. ती माझ्याकडे नाही, गावाकडे पाहत होती, बाईंच्या वस्तीच्या बाजूला.

"मंग मी तिच्या मातीले काऊन नाई गेली, वयनी?" तिने विचारलं.